कणगीतले भात आणि सात-बाऱ्यावरचे नाव

‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. शाळेच्या पुस्तकात तिची गोष्ट एका वाक्यात संपते: स्वातंत्र्यानंतर कूळ कायदा झाला आणि कुळे जमिनीची मालक झाली. मला आज त्या वाक्याच्या पुढचे बोलायचे आहे. कुळे मालक झाली, तेव्हा त्यांच्या घरात नेमके काय बदलले? कणगीत भात वाढले का? शेत आधीपेक्षा जास्त पिकू लागले का? आणि हातात रोख पैसा आला का? वरवर पाहता हे तिन्ही प्रश्न एकच वाटतात. पण त्यांची उत्तरे वेगवेगळी आहेत, आणि ती वेगवेगळ्या काळात मिळालेली आहेत.

उदाहरण म्हणून मी कोकण घेतो. म्हणजे जुना रत्नागिरी जिल्हा आणि जुना कुलाबा, ज्याला १९८१ पासून आपण रायगड म्हणतो. कूळ कायदा साऱ्या महाराष्ट्राला लागू झाला. मराठवाड्यात त्यासाठी हैदराबाद संस्थानाच्या प्रदेशाचा १९५० चा कायदा होता, विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कायदा झाला. पण खोतीमुळे कोकणात कुळांची संख्या मोठी, जमिनीचे तुकडे लहान आणि पीक मुख्यतः एकच, भाताचे. त्यामुळे कायद्याचा परिणाम तिथे जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचित कुठे दिसतो.

खोत हा मुळात गावचा सारा गोळा करून सरकारात भरणारा माणूस. हे काम वंशपरंपरेने एकाच घराण्याकडे राहिले आणि हळूहळू तो गावाचा धनीच झाला. इंग्रज सरकारने १८८० मध्ये खोतीचा कायदा करून या व्यवस्थेला लेखी रूप दिले. सरकारचा व्यवहार खोताशी आणि खोताचा कुळाशी, अशी ती उतरंड होती. सगळेच खोत गडगंज होते असे मात्र नाही. खोती वाटली जाऊन तिच्या तक्षिमा पडत. कित्येक तक्षीमदारांच्या वाट्याला चार-दोन खंडी भातापलीकडे काही येत नसे. पण कुळाच्या बाजूने पाहिले तर खोत मोठा की छोटा याने फारसा फरक पडत नव्हता. पिकाचा वाटा द्यावाच लागे.

हा वाटा किती? भातशेतीला बहुधा अर्धेल, म्हणजे निम्मे पीक. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी पिकली तर तिर्धेल, म्हणजे तिसरा हिस्सा. पीक उभे असतानाच खोताचा माणूस येऊन त्याचा अंदाज बांधी. त्याला अभावणी म्हणत. अंदाज जास्त धरला गेला आणि प्रत्यक्षात भात कमी उतरले, तर तोटा कुळाचा. शिवाय वेठ होतीच. ऐन पेरणी-लावणीच्या दिवसांत स्वतःचे शेत सोडून खोताच्या शेतावर नांगर धरायला जावे लागे.

आता साधा हिशोब करू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. समजा, एका कुळाच्या शेतात वीस मण भात झाले. अर्धेलीने दहा मण खोताकडे गेले. उरलेल्या दहात पुढच्या वर्षाचे बियाणे, बैलजोडीचा खर्च, बलुतेदारांचे देणे आणि पाच-सात तोंडे. होळीच्या पुढे कणगीचा तळ दिसायला लागायचा. मग खावटीसाठी पुन्हा उसने भात, तेही बहुधा खोताकडूनच किंवा वाण्याकडून, आणि सुगीला ते वाढीसह परत करायचे. म्हणजे वाटा निम्मा असला, तरी भार निम्म्याहून जास्त होता. कुळाची गरिबी जमीन पिकत नव्हती म्हणून जेवढी होती, त्याहून अधिक ती पिकलेल्या भाताच्या वाटणीतून आलेली होती. हे एकदा ध्यानात घेतले की पुढचा इतिहास समजायला सोपा जातो.

ही वाटणी बदलावी म्हणून कोकणातल्या शेतकऱ्यांनी कायद्याची वाट पाहिली नाही. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी शेतकऱ्यांची परिषद भरली आणि खोत-सावकारांची जमीन कसायचीच नाही असा निर्णय झाला. नारायण नागू पाटील या लढ्याचे नेते. आसपासच्या पंचवीस गावांनी त्यात भाग घेतला आणि तो सुमारे सहा वर्षे चालला. कारखान्यातल्या संपात यंत्रे थांबतात. शेतकऱ्याच्या संपात थांबते ते त्याचे स्वतःचे जेवण. या लोकांनी डोंगरातली लाकडे विकून, मिळेल ती मजुरी करून सहा पावसाळे काढले. खारजमिनीचे बांध समुद्राच्या भरतीपासून राखायलाही वर्षानुवर्षांची मेहनत लागते. ती मेहनत केलेली जमीन ओस टाकणे किती जड गेले असेल, याची कल्पना शेती केलेल्या माणसालाच येईल.

१९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर या शेतकऱ्यांच्या परिषदेला चरीला आले होते. मुंबई विधिमंडळात सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातून आलेल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. त्या मोर्चात कुणबी, आगरी, महार असे वेगवेगळ्या जातींचे शेतकरी एकत्र चालले, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. ते विधेयक मंजूर झाले नाही. पण तेव्हाचे महसूलमंत्री मोरारजी देसाई यांनी चरीला येऊन गाऱ्हाणी ऐकली आणि १९३९ मध्ये पहिला कूळ कायदा झाला. ठरावीक मुदतीपासून जमीन कसणाऱ्याला ‘संरक्षित कूळ’ म्हणायचे, त्याला मालकाला सहजी काढता येणार नाही, हे तत्त्व त्यात आले. जुन्या सात-बारा उताऱ्यांवर इतर हक्कांच्या रकान्यात ‘सं. कु.’ अशी दोन अक्षरे दिसतात. त्यांच्यामागे चरीची सहा वर्षे आहेत.

स्वातंत्र्यानंतर गाडी वेगाने पुढे गेली. १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाने खंडाला मर्यादा घातली: कोरडवाहू जमिनीला पिकाचा तिसरा हिस्सा, बागायतीला चौथा. पुढे ही मर्यादा सहाव्या हिश्शापर्यंत खाली आली. खोती नष्ट करणारा कायदा १९५० मध्ये अमलात आला. आपल्या वीस मणांच्या हिशोबात हे आकडे घालून पाहा. निम्म्याऐवजी तिसरा हिस्सा द्यायचा म्हटल्यावर घरी तेरा मणांहून जास्त भात राहते. सहावा हिस्सा म्हटल्यावर साडेसोळा मणांच्या वर. शेत तेच, पाऊस तोच, बियाणे तेच. एक दाणाही जास्त पिकवला नाही आणि घरातले धान्य दहा मणांवरून साडेसोळा मणांवर गेले. जमीन सुधारणेचा पहिला आणि सर्वांत मोठा परिणाम हा होता. तो शेतात दिसला नाही, कणगीत दिसला.

अर्थात, कायदा जिथे खरोखर पोहोचला तिथे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांनी या कायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी केली. तिचा अहवाल १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले चित्र अस्वस्थ करणारे आहे. कित्येक मालकांनी स्वतः कसण्यासाठी म्हणून जमिनी परत घेतल्या. कित्येक कुळांनी ‘राजीखुशीने’ राजीनामे लिहून दिले. वाटाही अनेक ठिकाणी जुन्याच दराने चालू राहिला. मुंबई राज्यातल्या संरक्षित कुळांची संख्या १९४८ ते १९५१ या काळात सुमारे सतरा लाखांवरून तेरा लाखांपर्यंत उतरली. कायदा झाल्यावर संरक्षण वाढायला हवे होते, इथे संरक्षित माणसेच कमी झाली. या राजीखुशीचा अर्थ समजायला फार खोलात जावे लागत नाही. ज्याच्याकडून खावटी उसनी आणायची, लग्नाला पैसे घ्यायचे, त्याच्याविरुद्ध मामलेदार कचेरीत उभे कसे राहायचे?

या अनुभवानंतर १९५६ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. कुळाने मागणी करायची, अर्ज करायचा, मग मालकाने हरकत घ्यायची, हा क्रमच बदलला. १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवशी कूळ आपोआप जमिनीचे खरेदीदार मानले गेले. जमीन फुकट मिळाली, असा एक समज आजही ऐकू येतो. तसे झालेले नाही. किंमत शेतसाऱ्याच्या वीस ते दोनशे पट या मर्यादेत ठरवायची होती आणि ती जास्तीत जास्त बारा वार्षिक हप्त्यांत फेडायची होती. एकरी तीन रुपये सारा असेल, तर किंमत साठ ते सहाशे रुपयांच्या दरम्यान. त्या सुमारास खंडाची कमाल मर्यादा साऱ्याच्या पाचपट, म्हणजे या उदाहरणात पंधरा रुपये. चार वर्षांच्या खंडाइतक्या रकमेपासून चाळीस वर्षांच्या खंडाइतक्या रकमेपर्यंत किंमत जाऊ शकत होती. खालच्या टोकाला किंमत लागली तर घराचे भाग्य उजळले, वरच्या टोकाला लागली तर हप्त्यांनी ओढाताण.

किंमत ठरवायला शेतजमीन न्यायाधिकरणापुढे सुनावणी व्हायची. कलम ‘३२ ग’ हे नाव कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांना आजही पाठ असते. पैसे भरले की ‘३२ म’ चे प्रमाणपत्र मिळे. पण सुनावणीला कूळ आलेच नाही, किंवा मला जमीन नको असे त्याने सांगितले, तर खरेदी निष्फळ ठरे. कोकणातला कर्ता पुरुष बऱ्याचदा मुंबईत, गिरणीत. नोटीस गावातल्या घरी. घरी म्हातारी माणसे आणि वाचायला न येणारी बायको. किती जमिनी अशा गैरहजेरीत हातच्या गेल्या असतील, याचा विचार मनात येतोच. पुढे दुरुस्त्या करून अशा कुळांना पुन्हा संधी देण्याचे प्रयत्न झाले, पण पहिली तारीख चुकली की माणूस कचेरीच्या पायऱ्या झिजवत राहतो.

दुसऱ्या बाजूलाही माणसेच होती. विधवा, अज्ञान मुले आणि अपंग मालक यांच्या जमिनींची खरेदी कायद्याने पुढे ढकलली होती, कारण त्यांचा निर्वाह खंडावर होता हे सरकारला दिसत होते. चार मण खंडावर जगणाऱ्या एखाद्या घराला हा कायदा आपत्तीसारखाच वाटला असणार. जमीन सुधारणेने मोठ्यांचे थोडे आणि लहानांचेही थोडे घेतले. आपण ते मान्य केले पाहिजे. तरीही ज्या हातांनी चिखल तुडवला त्यांना निम्मे देणारी व्यवस्था टिकवावी, असे त्यातून सिद्ध होत नाही.

आता दुसरा प्रश्न: शेत जास्त पिकू लागले का? इथे उत्तर सावकाश द्यावे लागते. मालकी मिळाल्याच्या दुसऱ्या वर्षी कोकणात भाताचा उतारा दुप्पट झाला, असे काही घडले नाही. जमीन हलकी, पाऊस चार महिने, हिवाळ्यात पाणी नाही आणि तुकडे गुंठ्यांचे. खताऐवजी राब भाजायचा, म्हणजे फांद्या, पालापाचोळा, शेण जाळून त्या भाजलेल्या मातीत रोप टाकायचे. त्यासाठी वरकस जमीन हवी. कायद्याने राबासाठी लागणारी वरकस जमीन भातशेतीला जोडलेली मानली, हे शहाणपणाचे होते. पण खत, सुधारित बियाणे, पाणी आणि कर्ज यांवाचून नुसती मालकी पीक वाढवत नाही. जपानी पद्धतीच्या भातलागवडीचा प्रचार पन्नाशीच्या दशकात झाला, बुटक्या जाती साठीच्या दशकात आल्या, दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये निघाले. पीक वाढले ते या मार्गाने, हळूहळू.

हा केवळ कोकणाचा अनुभव नाही. टिम बेस्ली आणि रॉबिन बर्जेस या अर्थशास्त्रज्ञांनी भारतातल्या सोळा राज्यांची १९५८ ते १९९२ पर्यंतची आकडेवारी तपासून २००० मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. जिथे जमीन सुधारणेचे कायदे जास्त झाले तिथे ग्रामीण गरिबी जास्त घटली, शेतमजुरीचे दरही वाढले, असे त्यांना आढळले. आणि हा परिणाम मुख्यतः कुळाचा करार बदलणाऱ्या व मध्यस्थ काढून टाकणाऱ्या कायद्यांचा होता. मोठ्यांची जमीन काढून वाटण्याच्या कायद्यांचा वाटा त्यात कमी होता. म्हणजे आपल्या वीस मणांचा हिशोब देशपातळीवरही लागू पडतो.

तिसरा प्रश्न रोख पैशाचा. कोकणात रोख पैसा बराच काळ मुंबईच्या मनीऑर्डरीने आला, शेतातून नाही. पण मालकी आणि मनीऑर्डर यांचे नाते लक्षात घेण्यासारखे आहे. पूर्वी मुंबईहून आलेल्या पैशातला काही भाग खावटीच्या कर्जात आणि खंडाच्या बाकीत जाई. आता तो घरावर कौले घालायला, विहीर खणायला, मुलाला हायस्कुलात घालायला उरू लागला. १९८२ चा गिरणी संप फसला तेव्हा कित्येक कामगार गावी परतले. बेकार माणूस परतला तो स्वतःच्या शेतावर, दुसऱ्याच्या दारात नाही. तोटक्या का होईना, पण त्या जमिनीने कठीण काळात विम्याचे काम केले.

शेतातून पैसा येण्याची खरी सुरुवात झाडांपासून झाली. भात चार महिन्यांचे, आंबा दोन पिढ्यांचा. हापूसचे कलम लावल्यावर धरायला लागेपर्यंत पाच-सहा वर्षे जातात, भरात यायला त्याहून जास्त. जमीन पुढच्या वर्षी आपल्याकडे राहील की नाही याची खात्री नसलेले कूळ आंबा लावील कशाला? लावलेच तर झाड कोणाचे, हा वाद ठरलेला. १९९० मध्ये राज्य सरकारने रोजगार हमी योजनेला जोडून फळबाग लागवडीची योजना आणली, तेव्हा कोकणच्या वरकस माळांवर आंबा-काजूची लागवड मोठ्या प्रमाणावर झाली. अनुदानासाठी पहिला कागद कोणता लागला? सात-बारा. १९५७ साली मिळालेल्या मालकीचे फळ कित्येक घरांना असे तीस-पस्तीस वर्षांनी मिळाले. गंमत अशी, की फळबागेसाठी दिलेले पट्टे मूळ कायद्याने कुळाच्या खरेदीहक्कातून वगळलेले होते. म्हणजे पैसा देणाऱ्या बागा मालकांकडे राहिल्या आणि कुळांना मिळाले ते बहुतेक भातखाचर व माळ. त्या माळाची बाग त्यांनी पुढे स्वतः केली.

आता ज्यांच्या हाती काही आले नाही त्यांच्याविषयी. ‘कसेल त्याची’ यातला ‘तो’ कोण, हे कायद्याने ठरवले आणि कागदाने नोंदवले. मजुरीवर राबणारा माणूस कूळ नव्हे, असे कायदा सांगतो. त्यामुळे गडी, शेतमजूर, रायगडच्या डोंगरातले कातकरी यांना कृषक दिनाने काही दिले नाही. आणि बायका? भाताची लावणी, बेणणी, झोडणी यांतले निम्म्याहून अधिक काम बाईचे. पण पीकपाहणीत नाव कर्त्या पुरुषाचे, आणि म्हणून ३२ म च्या प्रमाणपत्रावरही त्याचेच. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढून बायकोच्या नावे जमीन करा असे शेतकऱ्यांना सांगितले, तेव्हा ही जुनी बाकी निदान बोलून दाखवली गेली.

आणखी एक परिणाम आजही आपल्यासमोर आहे. ‘कूळ लागेल’ ही भीती. तिच्यापोटी मुंबईत राहणारा मालक गावची जमीन पडीक ठेवतो, पण लेखी करारावर कोणाला देत नाही. दिलीच तर तोंडी. मग प्रत्यक्ष कसणाऱ्याला पीककर्ज मिळत नाही, नुकसानभरपाई मिळत नाही. कुळाला वाचवायला केलेल्या कायद्याच्या धाकाने नवे कूळ कागदावरून नाहीसे झाले आहे. नीती आयोगाने २०१६ मध्ये जमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा सुचवला तो याच अडचणीतून. इकडे महाराष्ट्राने २०१४ मध्ये दुरुस्ती करून, प्रमाणपत्राला दहा वर्षे झालेली कुळाची जमीन साऱ्याच्या चाळीस पट रक्कम भरून पूर्वपरवानगीशिवाय विकण्याची वाट मोकळी केली. किनाऱ्यालगतच्या जमिनींना आलेला भाव पाहता, सहा पावसाळे उपाशी राहून मिळवलेले शेत एका सहीत हातचे जाऊ शकते.

विकू नका, असे सांगण्याचा अधिकार मला नाही. ज्याची जमीन त्याचा निर्णय. पण एवढे सांगावेसे वाटते: विकण्याआधी घरातला जुना उतारा काढून पाहा. त्यावर ‘सं. कु.’ ही अक्षरे आहेत का, ३२ ग चा फेरफार कोणत्या साली पडला, किंमत किती हप्त्यांत फेडली. आणि त्या उताऱ्यावर आज ज्यांची नावे आहेत त्यांत शेतात राबणाऱ्या बाईचे नाव आहे का, हेही पाहा. नसेल, तर तलाठ्याकडे जाण्याचे निमित्त त्यातच आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)